घरटी एक सही

४ जानेवारी २०२६, रविवार. सकाळी ६.४०

मैदानावर चुन्याची फक्की मारत होतो. डाव्या गोलच्या बॉक्सची तिसरी रेघ अर्धी झाली होती, डबा हातात होता — आणि पप्पूने मोटरसायकल थेट मैदानात घातली. माझ्या रेघेवरून! मी ओरडलो. तो आमचा गोलकीपर, त्याला तरी कळायला हवं.

गाडी बंद न करताच म्हणाला, "रेघा कसल्या मारतोय माऊली? पुढच्या सीझनला टीम निमोण्याला चालली. शेठचा निरोप हाय."

मी पुन्हा डबा धरला. पुसलेली रेघ पुन्हा मारली, राहिलेली पूर्ण केली. मग बसलो.

निमोणे शिरूर तालुक्यात! टीमचं नाव भीमा इलेव्हन. बावीस वर्षं दौंडात फुटबॉल खेळते, मैदान आमच्या तालीम मंडळाचं. निमोण्याला भीमा नाहीच, तिथली नदी घोड. नावाचं काय करणार आहेत?

मॅच २–१ जिंकलो. दुसरा गोल झाला तेव्हा निम्मे लोक मैदानाकडे पाठ करून भांडत होते. मीही त्यांतच होतो, हे लिहून ठेवतो.

५ जानेवारी, सोमवार

फ्लेक्सच्या दुकानात आज तीन वाढदिवस आणि एक दशक्रिया. सगळी नावं दोनदा तपासली, तरी लक्ष नव्हतं. दुपारी साळूमावशीच्या टपरीवर गेलो. सगळी मॅचवाली मंडळी तिथेच.

बन्सीमामा तापले होते. रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झाले, टीम उभी केली त्यांत ते होते. म्हणाले, "पैसा शेठचा असंल, टीम आपली हाय! मेंढरं इकत घेतली म्हंजी रान बी त्याचंच झालं का?"

साळूमावशी गाळणं झटकत म्हणाली, "मामा, दोन म्हैन्याचा च्या उधारीवर पिताय, आन् टीम तुमची व्हय?"

सगळे हसले. मामा सोडून.

"शेठच्या आधी निम्मी पोरं अनवाणी खेळायची," मावशी म्हणाली. "लीगची फी भराया पैसं न्हवतं. तवा कुठं व्हता तुमी सगळे मालक?"

हे खरं आहे. तीन वर्षांपूर्वी पोपटशेठ आले नसते तर टीम बंदच होती. प्लॉटिंग आणि जेसीबीचा पैसा, पण आला वेळेवर. बूट, जर्सी, पोरांचं मानधन — एकदाही चुकलं नाही.

पप्पू तेच म्हणाला. "मामा, तुमच्या टाळ्यांवर बूट येत न्हाईत."

"बुटासाठी गाव सोडतो व्हय रं?"

"गाव कुठं सोडतोय? तासाभराच्या वाटंवर हाय निमोणं. तुमी बी या की बघायला. का एसटीचं तिकीट बी शेठनं काढायचं?"

घरी आल्यावर पप्पूला द्यायची पाच उत्तरं सुचली. पाचही चांगली होती.

११ जानेवारी, रविवार

शेठ आले! गाडी रस्त्यावर लावून चालत आले. साईडलाईनपाशी आल्यावर रेघेवर पाय दिला नाही, ओलांडून आले. एवढं मान्य करावं लागेल.

मामा मोठ्याने म्हणाले, "टीम चोरायला आले बघा!"

शेठ चिडले नाहीत. "मामा, तुमी सगळेच मालक. बरं हाय. मग पैसा कोण भरतो? एक काम करा. पुढच्या सीझनचा पास आगाऊ काढणारी शंभर माणसं मला दाखवा. तीनशे रुपये पास. एक तारखेच्या मॅचपत्तुर. शंभर झाली, तर टीम हितंच खेळंल. माझा शब्द हाय."

फुकट बघायची बावीस वर्षांची सवय! मग एक आवाज ऐकू आला — "मी लिहून घेतो." तो माझाच होता.

मामा लगेच म्हणाले, "माऊलीचं अक्षर छापल्यावानी हाय. त्योच लिवणार."

नंतर तालमीत नियम ठरला. मामा म्हणाले, "घरटी एक. वर्गणीला घेतो तसं. न्हाईतर एकाच घरातनं पाच सह्या यायच्या, आन् शेठ म्हनंल खोटं हाय." मला नियम फार आवडला. स्वच्छ आहे. एक घर, एक सही, एक पास. शंभर माणसं नाहीत — शंभर घरं! मग शेठलाही नाही म्हणता येणार नाही.

वहीत रकाने आखले. क्रमांक, कर्त्याचं नाव, घर, सही, रक्कम, पावती. नववीत शाळा सुटली तरी पट्टी सुटली नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

क्रमांक १ — आमचं घर. आबा हंगामात पाटसच्या कारखान्यावर असतात, म्हणून सही मी केली.

अंकिताने वही पाहिली. "दादा, मी कुठं सही करू?"

"घरटी एक आहे. आपल्या घराची झाली."

"मी एकबी मॅच चुकवली न्हाई. तू आजारी पडला तवा फक्की मी मारली व्हती."

"ते खरं. पण नियम आहे."

"बरं," म्हणाली आणि प्रॅक्टिसला गेली. मुलींची टीम शेठनेच आठ महिन्यांपूर्वी काढली, सतरा जणी आहेत. अंकिता लेफ्ट बॅक. प्रॅक्टिसच्या दिवशी ती सकाळपासून पाणी पीत नाही. विचारलं तर म्हणते पोट जड होतं. संध्याकाळी आली की उभ्यानेच तांब्या रिकामा करते. खेळाडूची शिस्त! मला जमणार नाही.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळगूळ घ्यायला गेलो आणि सह्या घेऊन आलो. दिवसात अकरा. एकूण १९.

१६ जानेवारी, शुक्रवार

आई रोज हळदीकुंकवाला जाते. यंदा अंकिताही बरोबर जाते. एरवी तिला ओढून न्यावं लागायचं. बरं आहे, आईला सोबत.

एकूण २८. एका घरी मालकाने सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाला, "मी तर क्रिकेटवाला!" पाऊण तास गेला.

१८ जानेवारी, रविवार

४१.

पप्पू गोलमध्ये उभा राहून हातमोजे घालत होता. मी विचारायच्या आधीच म्हणाला, "माझ्या दारात वही घेऊन यायचं न्हाई. मी शेठचा माणूस हाय, लपवत न्हाई."

मी म्हणालो, "तू टीमचा माणूस आहेस."

"तू रेघ मारून घरी जातो, माऊली. मी त्या रेघेवर नव्वद मिनटं उभा ऱ्हातो. खाली दगड हाय. गुडघा बघ माझा."

गुडघा बघितला. वाईट आहे. पण दगड वेचता येतात! पुढच्या रविवारी अर्धा तास आधी येऊन वेचायचे. हे नक्की.

२० जानेवारी, मंगळवार

४९. एका घरी एक काकू म्हणाल्या, "कालच केली की बाबा सही." वहीत तीनदा पाहिलं. त्यांच्या घराची नव्हती. मी म्हणालो, मालकांची लागेल. मालकांनी केली. काकू माझ्याकडे बघत राहिल्या. गॅस सबसिडीची वगैरे केली असेल, तिच्यात गोंधळ झाला असेल.

२२ जानेवारी, गुरुवार

सुट्टी टाकून निमोण्याला जाऊन आलो. शिरूरच्या एसटीने, पुढे जीपने. बरोबर टेप आणि वही. तिथले दोष लिहून आणायचे, म्हणजे कुंपणावरच्या लोकांना सांगता येईल.

शेठ स्वतः पाईप धरून गवताला पाणी मारत होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. मला वाटलं होतं हाकलतील. ते म्हणाले, "टेप आणलाय व्हय? मोज, मोज."

मोजलं. एकशे पाच मीटर बाय अडुसष्ट. दोन्ही कर्ण मोजले. काटकोनात! मला राग आला.

दोष: १) वारा फार. २) सावली नाही. ३) एसटी थेट नाही. ४) चहा मिळत नाही. ५) माणसं नाहीत.

दोन खोल्या बांधल्यात, एक पोरांना, एक पोरींना. दाराला आतून कडी, नळाला पाणी. तो दोष नव्हे म्हणून यादीत घेतला नाही. आपल्याकडे काय, शेजारीच ओढा आहे.

शेठनी चहाचं विचारलं. मी फक्त पाणी घेतलं. शेठचा चहा प्यालो असं मामांच्या कानावर गेलं असतं तर वही काढून घेतली असती.

मग मी सरळ विचारलं. "शेठ, टीम का नेताय?"

"दौंडात तीन वर्सांत मला कुणी 'बसा' म्हणलं न्हाई. पैसं द्यायचं आन् शिव्या खायच्या. हितं निदान खुर्ची माझी हाय." हसले. "पन ते एक झालं. दुसरं कारण तुझ्या वहीत मावायचं न्हाई."

"कुठलं?"

त्यांनी पाईप दुसऱ्या बाजूला वळवला. म्हणाले, "सरक, भिजशील."

टाळलं त्यांनी. परतीच्या जीपमध्ये एकच विचार — शेठ वाईट माणूस नाही. पण वाईट नसलेल्या माणसानेही आमची टीम का न्यावी?

२५ जानेवारी, रविवार

रथसप्तमी. ७१. हळदीकुंकू संपलं एकदाचं, आता घरी जेवण वेळेवर मिळेल.

सकाळी उजव्या गोलपुढचे दगड वेचले. दोन घमेली. पप्पूने पाहिलं.

२७ जानेवारी, मंगळवार

७६. साळूमावशीकडे गेलो. तिच्या घरात पुरुष कोणी नाही, तीच कर्ती. नियमात बसते.

"मावशी, सही."

"मी केलीया सही."

"कुठं?"

"जिथं करायची तिथं. च्या घे."

म्हणजे दुसरी यादी आहे! शेठने गुपचूप सह्या गोळा करायला माणूस सोडलाय! आता कळलं, त्या काकू काय म्हणत होत्या. तडक मामांकडे गेलो. मामा म्हणाले, "साडी वाटली असंल न्हाईतर भांडी. इकत घेतल्या असतील सह्या. तू थांबू नगो, माऊली."

मी थांबणार नाही. कोण गोळा करतंय ते कळायला हवं होतं, पण त्यात वेळ घालवायचा नाही. शेठच्या माणसाला शोधण्यापेक्षा चोवीस सह्या आणणं महत्त्वाचं.

घरी सांगितलं. अंकिता भाकरी मोडत होती, मान खाली. म्हणाली, "इकत कशाला घेतील? सांगितलं तर बायका अशाच करत्यात." आई म्हणाली, "जेव गप."

२९ जानेवारी, गुरुवार

९२. घसा बसला. दुकानाचे मालक म्हणाले, दिवसाचा पगार कापू का? मी म्हणालो कापा.

३१ जानेवारी, शनिवार

दुपारी चारला ९९. कालपासून एकच घर मिळत नव्हतं. यादी उलट-सुलट वाचली. भीमा इलेव्हनची मॅच बघणारं प्रत्येक घर झालं होतं. साळूमावशीचं सोडलं तर राहिलेलं एकच — पप्पूचं.

गेलो. पप्पू रांजणगावच्या कंपनीतल्या शिफ्टवरून यायचा होता. त्याचे वडील अंगणात बाजेवर पडले होते. वही पुढे केली, त्यांनी चष्मा लावला, सही केली, उशाखालून तीनशे काढून दिले. "आमच्या टायमाला ह्याच मैदानात कुस्त्या व्हायच्या," म्हणाले. पप्पूची आई दारात उभी होती. "पप्पूला इचारा की," म्हणाली. ते म्हणाले, "घरचा कर्ता मी हाय का त्यो?"

शंभर!

कोपऱ्यावर पप्पू भेटला. माझ्या तोंडावरूनच ओळखलं त्याने. वही हिसकावली नाही, फक्त मागून वाचली.

"घर माझ्या पगारावर चालतं. बॉल मी अडवतो. आन् सही बापाची?"

"नियम आहे, पप्पू."

"कुणी केला नियम?"

"सगळ्यांनी."

"मी व्हतो का तिथं?"

तो तिथे नव्हता. हे खरं आहे. पण शंभर झाले!

१ फेब्रुवारी, रविवार

जिंकलो. आधी तेच लिहितो.

मॅच बरोबरीत सुटली, ती कुणी बघितलीच नाही. शेठ आले तसे मामांनी स्वतः खुर्ची पुढे केली. मीच सांगितलं होतं, एवढं करा. शेठ खुर्चीकडे बघत राहिले, मग बसले. एकेक पान उलटून शंभरही नावं वाचली. बोट ठेवून. पावत्या जुळवल्या, पैसे मोजून घेतले.

वही मिटून म्हणाले, "शब्द म्हंजी शब्द. टीम हितंच."

गुलाल! मामा लहान पोरासारखे रडले. मला उचललं चौघांनी, माझी चप्पल कुठे पडली ते अजून सापडलेलं नाही. पप्पूने लांबून अंगठा दाखवला. तो हसत होता की नाही ते कळलं नाही.

खाली उतरवल्यावर शेठनी बाजूला घेतलं. पासाचे तीस हजार माझ्याच हातात परत ठेवले. "हिशोब तुझा चोख हाय. मैदानाला लागंल तिथं लाव. पोरांची टीम हितं. पोरींची मातर निमोण्याला खेळंल, गाडी मी पाठवीन."

आवाजात नीट ऐकूही आलं नाही. मी हो म्हणालो. मग त्यांनी पिशवीतून एक वही काढली, दोनशे पानी, शाळेची असते तशी. "हिला बी घरी निऊन वाच. ही यादी बी दौंडचीच हाय. म्या कुणाला मागितली न्हवती."

अंकिता आणि तिच्या मैत्रिणी पलीकडच्या साईडलाईनला उभ्या होत्या. मी हात हलवला. तिने पण हलवला. पलीकडे गुलाल पोचला नव्हता.

३ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी ५.१५

वही काल वाचली. अंकिताचं अक्षर. रकाने माझ्यासारखेच आखलेले. एकसष्ट सह्या, सगळ्या बायकांच्या, सगळ्या हळदीकुंकवाच्या दिवसांतल्या. पहिली गीताबाई — आई. एरवी ती अंगठा उठवते. इथे सही आहे, वाकडी, पण सही. सातवी साळूमावशी. चाळिसावी पप्पूची आई.

वर लिहिलंय — "टीम कुठे खेळवायची ते शेठ आणि मामा ठरवतील. आमचं मागणं एवढंच, की मुली जिथे खेळतील तिथे दाराला कडी असलेली एक खोली पाहिजे. दौंडच्या मैदानावर नाही, म्हणून प्रॅक्टिसच्या दिवशी मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत."

माझ्या वहीशी घरं ताडून पाहिली. दोनदा. एकसष्टपैकी अठ्ठावन्न घरं माझ्याच शंभरातली.

आज चारला शेठची गाडी आली. अंकिता बाटली भरून घेऊन चढली. खिडकीत बसून पाणी पीत होती. गाडी वळेपर्यंत पीत होती.

मी मिस्त्रीला मैदानावर नेलं. ओढ्याच्या बाजूला फक्कीने दोन खोल्या आखल्या, दहा बाय आठ. काटकोन तपासले.

पास जमा — ३०,०००
खर्च (वही, पेन, पावतीपुस्तक, निमोण्याचं भाडं) — २८०. हा माझ्याकडून, जमेतून नाही.
मिस्त्रीचा अंदाज (खोल्या, टाकी, नळ, दारं, आतून कड्या) — ४७,५००
कमी — १७,५००. मामांकडून, मग घरोघर. या वेळी घरटी एक नाही.
देणं — दार कुठल्या तोंडाला ठेवायचं, ते अंकिताला विचारणं. अजून विचारलेलं नाही.